घासून गेलेला चेहरा

मित्रांनो, पदक म्हटलं की तुम्हांला शर्यत आठवेल. मला मात्र कुणी जिंकलेलं नाही. मी कांशाचं, तळहातावर मावणारं एक जुनं पदक आहे. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांमधलं एक खेडं. सगळं हातानंच घडवायचं असं व्रत घेतलेल्या कारागिरांची तिथं एक कार्यशाळा होती. तिच्यात माझा जन्म झाला.

माझे कर्ते अँब्रोज पेलो. खुर्च्या, दिवे, चर्चमधली भांडी यांचे नमुने ते काढत. एका हिवाळ्यात त्यांनी दोन आरसे मांडून स्वतःचा एका बाजूचा चेहरा मेणात कोरला. नाक मधेच वाकडं होतं, तेही तसंच ठेवलं.

ओतारी जेबेझ म्हणाला, "नाक सरळ केलं असतंस तर धातू वाचला असता."

"देवानं वाकडं दिलंय, तूही वाकडंच ओत," अँब्रोज म्हणाले.

मेण वितळून गेलं, मला बाहेर काढताना भोवतीचा मातीचा साचा फोडावा लागला. माझ्यासारखं दुसरं नाही. यंत्रानं काढलेला चेहरा नको, म्हणून अँब्रोजनी कधी फोटोही काढून घेतला नाही. पत्नी हेस्टरला मात्र बजावून ठेवलं, की या पदकाला घासायचं नाही, काळं पडू द्यायचं.

मुलगी सिबिल रांगत होती, तेव्हाच छातीच्या दुखण्यानं ते गेले. माझा रंग गडद होत चालला. हेस्टरला ते बघवेना; धनी अंधारात चाललेत असं तिला वाटे. रविवारच्या प्रार्थनेआधी घरातलं पितळ लखलखीत करायची तिथली रीत. एका शनिवारी दाराची कडी घासून झाली आणि तिनं मला हाती घेतलं. मग एकही शनिवार चुकला नाही. शेजारणी म्हणत, नवऱ्याला कसं सोन्यासारखं ठेवलंय बाई.

सिबिलला वडील आठवतच नव्हते. ती स्टुलावर चढून आरशात आपलं नाक बघे, मग माझ्यावरचं. एकदा म्हणाली, "आई, बाबांचं नाक बारीक होतंय."

"वेडी कुठली. मळ निघतोय तो."

पुढे शहरात शिकवायला गेलेली सिबिल, आईची नजर गेली तेव्हा परतली. तिनं मला खिडकीशी नेलं. भुवई नव्हती, ओठ नव्हते, नाकही नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आई, बाबा दिसायला कसे होते गं?"

हेस्टरनं चाचपडत मला घेतलं, अंगठा फिरवला. "कसे म्हणजे? हे काय, समोर तर आहेत."

"हो," सिबिल म्हणाली. "आहेत."

त्यानंतर शनिवार आला की आई विचारी, घासलंस का. सिबिल मला फडताळात ठेवून टेबलाचा कोपराच घासत बसे, आईला फडक्याचा आवाज ऐकू यावा म्हणून.

मित्रांनो, त्या माउलीनं सारं मायेनंच केलं, म्हणून मला तिच्यावर रागावताही येत नाही. पण एखादी वस्तू जपायला घ्याल, तेव्हा तिला काय सोसतं ते आधी जाणून घ्या. माझ्या अंगावर आता एका कानाची वळी तेवढी उरली आहे. ती तरी राहू द्या.