व्याह्यांसाठी कूलर

सकाळपासून किसनरावांचा हात दहा वेळा तरी त्या ट्रान्सफॉर्मरवर जाऊन आला असेल. तापलेल्या लेकराच्या कपाळालाही आई इतक्यांदा हात लावत नाही. त्यांच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं, फुप्फुसाचं दुखणं जुनं. मुलानं, अंकुरनं, येताना अमेरिकेहून ऑक्सिजनची मशीन आणून दिली, नळी नाकाला लावली की बाई उठून बसायच्या, बोलायच्या. पण मशीन पडली अमेरिकेची, तिला एकशेदहा व्होल्टच पचायचे, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात भिंतीतून येतात दोनशेतीस. म्हणून अमरावतीच्या देवीदास वाइंडिंगवाल्याकडून हा दहा किलोचा लोखंडी ठोकळा बनवून घेतला. किसनरावांनी तो एसटीत मांडीवर धरून आणला होता. वीज गेली तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीतून आलेले व्होल्ट हा ठोकळा निम्मे करायचा, मग ते मशीनला मिळायचे.

देवीदासनं तेव्हाच बजावलं होतं, "भाऊ, बॅटरीवर मशीन तीन घंटे चालंन. पन तिच्यावर दुसरं काही लावू नका. कूलर त बिलकुलच नाही."

मे महिन्यातली दुपार. एकला वीज गेली, चारला येईल असा निरोप होता. हिशेब बरोबर जुळत होता, तरी किसनरावांचा पाय एका जागी ठरेना. घड्याळ पाहा, बॅटरीचा दिवा पाहा, ठोकळ्याला हात लावा. आणि नेमके दीडला दारात बुधाजी उभे. त्यांच्या मुलीचे, आरतीचे, सासरे, वरूडहून, न कळवता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"वैनीची तब्येत पाहाले आलो," ते म्हणाले.

वर्षापूर्वी आरतीच्या लग्नात मांडवातली वीज गेली होती, आणि वरातीतलं कुणीतरी बोललं होतं, "व्याह्यानं हवेची सोय बी नाही केली." ते वाक्य सुभद्राबाईंनी वर्षभर जपून ठेवलं होतं. आताही त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या कूलरकडे.

"अहो, कूलर लावा नं. व्याह्याले असं उकाड्यात बसवता काय?"

"लावतो, लावतो," किसनराव म्हणाले आणि लावला. नाही म्हणायला जीभ उचललीच नाही. चहा होईपर्यंतच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. व्याही म्हटला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, किसनराव तर मुळातच भिडस्त.

चहा झाला. सरबत झालं. बुधाजी उठू लागले की सुभद्राबाई म्हणत, "बसा, जेवूनच जा." कूलर खडखडत होता, त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. किसनरावांना वाटे, आत्ता बॅटरी बोंबलेल. ते पाणी आणायला म्हणून उठत, खोलीत एक चक्कर मारत, परत बसत.

अडीचला त्यांनी ठोकळ्याला पुन्हा हात लावला. मघापेक्षा निवलेला. बरं झालं, आज तापत नाही, असं वाटून त्यांना क्षणभर हायसं वाटलं. मग हात तिथेच थांबला. मशीन चालू असताना हा ठोकळा निवेल कशाला?

त्यांनी वाकून मशीन पाहिली. काचेच्या नळीतली छोटी गोळी, जी दोनच्या आकड्यावर तरंगायची, ती तळाशी पडली होती. बटण बंद. बटण सुभद्राबाईंच्या हाताशीच होतं, त्यावर त्यांचा पदर पसरलेला. नाकात नळी तशीच, चेहऱ्यावर हसू, आणि ओठ जांभळाच्या रंगाचे.

"कावून बंद केली?"

"पुरली पाहिजे नं बॅटरी," त्या हळूच म्हणाल्या. तेवढ्या चार शब्दांत त्या दोनदा थांबल्या. "ते गेल्यावर… लावीन."

किसनराव उठले, कूलरची पिन भिंतीतून ओढून काढली आणि मशीनचं बटण दाबलं. ठोकळा घुमू लागला, गोळी वर चढली. त्यांना प्रचंड राग आला होता, बायकोचा, व्याह्यांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा.

"बुधाजीभाऊ," ते म्हणाले, "बॅटरी एकच आहे. कूलर लावला त हिचा श्वास जाते. बोलायचं ते बोला लोकाइत, पन मी आता कूलर लावत नाही."

बुधाजी खाटेवरच्या बाईंच्या ओठांकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि टोपीनं सुभद्राबाईंना वारा घालू लागले.

"मीच उठाले पाहिजे होतं," ते म्हणाले. "तुमाले वाईट वाटंन म्हनून बसून राहिलो."

सुभद्राबाई पाचेक मिनिटं नुसत्या श्वास घेत होत्या. ओठांचा रंग परतला तसा त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. व्याह्यासमोर घराची इज्जत घालवली, तुमाले काडीची अक्कल नाही, तुमच्या भावालेही नव्हती, पोरीले आता सासरी काय तोंड राहीन. एका दमात, न थांबता. किसनराव मशीनशेजारी जमिनीवर बसले आणि एकेक शब्द ऐकत राहिले. तिचं बोलणं संपूच नये, असं त्यांना वाटत होतं.