शेवट भिडला

दिवसभर माणसांना "छान, आता अजून एकदा" म्हणायचं, हाच ताईंचा पोटापाण्याचा उद्योग होता. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे त्या लोकांकडून व्यायाम करून घ्यायच्या. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, गुडघा बदललेले काका, अर्ध्या अंगावरून वारं गेलेला एक कंत्राटदार. प्रत्येकाला एकच ऐकायचं असायचं, की कालच्यापेक्षा आज बरं आहे. ताई तसं सांगायच्या. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. घरी नवऱ्याने चहा पुढे केला तरी तोंडातून आपोआप "छान झालाय" निघायचं, आणि तो म्हणायचा, "अगं, आधी कप तोंडाला तर लाव."

त्यात हा गट गळ्यात पडला होता.

गट सुरू केला वहिनीने, म्हणजे त्यांच्या भावाच्या बायकोने. नाव ठेवलं 'लिहिती मंडळी'. सगळा कारभार फोनवर. सोमवारी एक विषय द्यायचा, शुक्रवारपर्यंत ज्याला जे सुचेल ते लिहायचं, गोष्ट म्हणा, कविता म्हणा, आठवण म्हणा, आणि इतरांनी वाचून दोन शब्द लिहायचे. वहिनी हौशी बाई. तिला पुढे मातीची भांडी करायचं वेड लागलं आणि "तू जरा सांभाळ हं, मी आहेच" असं म्हणून ती जी गेली ती गेलीच.

ताईंनी सांभाळला. सुरुवातीला अगदी मनापासून. नवरा गेल्यावर घराबाहेर पडायचंच सोडून दिलेली एक बाई गटात आली, बाल्कनीतल्या कबुतरांवर लिहायला लागली आणि लिहिता लिहिता तिचा मूळचा खट्याळपणा परत आला, हे ताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच भरात त्यांनी नियम केला: कोणाचंही लेखन प्रतिसादावाचून राहणार नाही.

नियम केला तेव्हा मंडळी मूठभर होती. मग एकाने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने मेहुण्याला, मेहुण्याने अख्ख्या ऑफिसला. लिहायचं सगळ्यांनाच होतं. वाचायला उरल्या ताई. दुपारी दोन रुग्णांच्या मधे त्या खुर्चीत टेकायच्या, डबा एका हाताने खायच्या आणि दुसऱ्या हाताने प्रोत्साहन द्यायच्या. फोनलाही सवय झाली होती. "वा" एवढं टंकलं की पुढचं तोच सुचवायचा: शेवट भिडला. लिहीत राहा.

गटात 'वाटसरू' नावाने लिहिणारे एक गृहस्थ होते. विषय कोणताही असो, त्यांचं लेखन पहिल्या दिवशी हजर, आणि लांबलचक. ते मोटार चालवायला शिकवतात आणि लोक त्यांना मास्तर म्हणतात, एवढंच ताईंना ठाऊक होतं. ताई त्यांची पहिली ओळ वाचायच्या, बोटाने सरकवत खाली जायच्या आणि फोन सुचवेल ते पाठवून द्यायच्या.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. गुडघेवाले काका पाय हवेत धरून झोपले होते.

"लिहिती मंडळीच्या ताई तुम्हीच ना?" बाईचा आवाज होता.

"हो. आपण?"

"मी त्या वाटसरूची बायको." वाटसरू हा शब्द तिने चिमटीत धरून बाजूला ठेवल्यासारखा उच्चारला. "यांनी नोकरीचा राजीनामा दिलाय. पूर्णवेळ लेखन करणार म्हणे. मी आरडाओरडा केला तर तुमचे प्रतिसाद काढून वाचून दाखवले, एकेक करून. ताई, तुम्ही यांना हे काय लिहिता हो?"

ताई उठून दाराशी गेल्या.

"मी औषधाच्या दुकानात असते," ती बाई पुढे म्हणाली. "भांडायला फोन केला नाही. मला एकच सांगा. चांगलं लिहितात का हे? तुम्ही हो म्हणालात तर मी गप्प बसेन. जास्तीची पाळी घेईन, ओढू कसंतरी. पण खरं काय ते सांगा. मला त्यातलं कळत नाही."

"मला दोन-चार दिवस द्या," ताई म्हणाल्या.

"दिवस कशाला? तुम्ही तर सगळं वाचलेलंच आहे."

"मॅडम," काका कळवळून म्हणाले, "पाय खाली ठेवू का?"

रविवारी जेवणं झाल्यावर ताई पलंगावर उशी पाठीशी घेऊन बसल्या आणि वाटसरूंचं पहिलं लेखन उघडलं. नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याने विचारलं, "हे सगळं आधीच वाचलंयस ना तू?" ताईंनी चष्मा चढवला.

लेखन वाईट असतं तर सोपं गेलं असतं. ते धड वाईटही नव्हतं. व्याकरण स्वच्छ, शब्द निवडक. पण विषय 'दार' असो की 'उशीर', कुठून तरी चंद्र उगवायचा, एक किनारा यायचा, आणि त्या किनाऱ्यावर एक केस मोकळे सोडलेली स्त्री उभी असायची. ती कोणाची वाट पाहत असायची हे शेवटपर्यंत कळायचं नाही. ताई वाचत गेल्या. डोळे मिटायला लागले की उठून तोंडावर पाणी मारून आल्या. प्रत्येक लेखनाखाली त्यांचे स्वतःचे शब्द होते, आणि त्यांनाच ते आता नको झाले होते.

मग 'प्रतीक्षा' या विषयावरचं लेखन आलं.

"प्रथम यंत्राचे झाकण घट्ट लावावे. पाण्याचा नळ उघडा असल्याची खात्री करावी. लोकरीचे कपडे वेगळे धुवावेत. यंत्र हादरत असल्यास त्याचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत का, ते पाहावे. सुरू असताना झाकण उघडण्याचा प्रयत्न करू नये. प्रतीक्षा करावी."

खाली ताईंचा प्रतिसाद: वा! शेवट भिडला. लिहीत राहा. सोबत दोन फुलं.

ताईंनी तो मजकूर मोठ्याने वाचला. नवरा हातातला टॉवेल तोंडात कोंबून हसला. ताईही हसल्या, पण त्यांचं हसू अर्ध्यातच विरलं. त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांना भेटायला गेल्या. राजीनामा दिला असला तरी महिनाअखेरपर्यंत त्यांना कामावर जावं लागत होतं. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला शिकवणीची छोटी गाडी उभी होती. आत मास्तर होते, टक्कल पडलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, सवयीने शिकवणाऱ्याच्या जागेवर बसलेले. त्यामुळे ताईंना चालकाच्या जागी बसावं लागलं. स्टिअरिंग पोटाला लागत होतं.

"कपडे धुण्याचं यंत्र," ताई म्हणाल्या. दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही.

मास्तर जोरात हसले. "सापडलं का? मला वाटलं होतं, ते काही तुमच्या हाती लागत नाही."

"मी वाचत नाही हे तुम्हाला माहीत होतं तर."

"अंदाज होता. एकदा खात्री करून घेतली."

"मग माझ्या भरवशावर नोकरी कशी सोडलीत?"

मास्तरांनी आपल्या पायाकडे बोट दाखवलं. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. "दिवसभर हा पाय इथे असतो, ताई. शेजारी जो बसतो तो मला कुठेतरी नेऊन आपटणार असतो. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, तो शिकतोय. आपण ब्रेक दाबायचा आणि आवाज न चढवता म्हणायचं, हरकत नाही, छान, पुन्हा गिअर टाका. घरी जेवायला बसलो तरी टेबलाखाली पाय दाबलेला असतो. बायको विचारते, कुठे चाललाय?"

ताई समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत राहिल्या.

"थकलो, असं तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी नाही का थकत? आणि थकतेच ती. दिवसभर उभी असते काउंटरमागे. त्याच्यापुढे आपण काय बोलणार? लेखक व्हायचंय म्हटल्यावर निदान भांडण तरी झालं. आणि दाखवायला तुमचे प्रतिसाद होते."

"म्हणजे मला साक्षीदार केलंत."

"बिनपगारी," मास्तर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आता वाचलंत ना सगळं?"

"सगळं."

"मग सांगा."

ताईंच्या जिभेवर तो नेहमीचा शब्द येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला. चंद्राबद्दल सांगितलं, किनाऱ्याबद्दल सांगितलं. ती बाई कोण आहे हे तुम्हालाच माहीत नसावं असं वाटतं, म्हणाल्या. वाचताना कुठे कंटाळा आला, तेही सांगितलं.

मास्तरांचे कान लाल झाले. माहीत असणं वेगळं आणि कोणीतरी तोंडावर सांगणं वेगळं. "एकही आवडलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "पण मी न वाचता तुम्हाला वा वा लिहायला नको होतं. चूक माझी आहे."

"शिकाऊ यायची वेळ झाली," मास्तर म्हणाले आणि घड्याळाकडे न बघताच काच खाली करू लागले. ताई उतरल्या. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं त्यांनी ऐकलं होतं. बसथांब्यापर्यंत चालताना त्यांना तसं काही वाटलं नाही, पायच जड झाले.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांच्या बायकोला फोन केला. "लेखनावर घर चालेल असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "मी न वाचता लिहीत होते, मला माफ करा. पण त्यांना त्या गाडीतून उतरवा. माणूस पार थकलाय. एकदा विचारा त्यांना."

पलीकडे औषधाच्या बाटल्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "आणि मला कोण विचारणार?"

"मी विचारते. सांगा."

"नको," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय." आणि फोन बंद झाला.

त्याच सोमवारी ताईंनी विषय दिला नाही. त्याऐवजी गटात लिहिलं, की आजवरचे माझे बरेचसे प्रतिसाद न वाचता दिलेले होते, त्याबद्दल क्षमा असावी. यापुढे मी आठवड्याला दोनच लेखनं वाचेन, पण पूर्ण वाचेन आणि जे वाटेल तेच लिहीन. बाकीची इतरांनी एकमेकांची वाचावीत.

गटात भूकंप झाला. "आमच्या भावनांशी खेळ झाला," एकाने लिहिलं. "ताईंना आता मोठेपणा आलाय," दुसऱ्याने. मेहुण्याने आणलेलं ऑफिस मेहुण्यासकट निघून गेलं. वहिनीने भट्टीतून काढलेल्या एका वाकड्या फुलदाणीचा फोटो पाठवून विचारलं, काय गं, एवढं काय झालं? कबुतरवाल्या बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी तीन जणांचं लेखन वाचून प्रत्येकाला वेगळं काहीतरी लिहिलं. एकाला तर सरळ विचारलं, की तुमची ही कथा तुम्ही स्वतः परत वाचली होती का? तो रुसला, आणि मग त्याने कथा दुरुस्त करून पुन्हा टाकली.

मास्तर गट सोडून गेले नाहीत, पण लिहीतही नव्हते.

पुढे एका दुपारी ते बायकोबरोबर ताईंच्या खोलीत आले. राजीनामा मागे घेतला नव्हता, पण मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मालकाने त्यांना अर्धवेळ ठेवून घेतलं होतं. खुर्चीवर बसून नव्या लोकांना रस्त्यावरच्या खुणा आणि नियम शिकवायचे. गाडीत बसायचं नाही. बायकोने जास्तीची पाळी घेतली होती, आणि ती त्यावर खूश नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"यांचा पाय बघा," ती म्हणाली. "आणि झालंच तर माझा खांदा. वरच्या फळीवरचं काढताना कळ येते."

ताईंनी आधी तिचा खांदा बघितला. हात वर करायला लावला. कानापर्यंत येईस्तोवर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस आहे असं?"

"कोणाला माहीत. बघायला वेळ कुठे होता?"

मास्तर खालमानेने ऐकत होते. ताईंनी त्यांना बाकावर झोपवलं आणि गुडघा वाकवायला सांगितला.

"कमी वाकतोय," ताई म्हणाल्या.

"हो. ते मलाही कळतंय," मास्तर म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच थोडं हसले.

त्यानंतर दोघं येत राहिले, कधी बरोबर, कधी वेगवेगळे. लेखनाचा विषय कोणी काढला नाही.

मग एका आठवड्यात 'सुरुवात' या विषयावर वाटसरूंनी लिहिलं. लहानसंच होतं. एक प्रौढ बाई गाडी शिकायला यायच्या. चालकाच्या जागी बसायच्या, पट्टा लावायच्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायच्या आणि किल्ली फिरवायच्याच नाहीत. थोड्या वेळाने "आज एवढंच" म्हणून उतरायच्या. शिकवणारा त्यांच्याशेजारी नुसता बसून राहायचा. त्याला ती त्याची सगळ्यात आवडती शिकवणी वाटायची, कारण तेवढा वेळ त्याचा पाय मोकळा असायचा.

चंद्र होताच. पण एकदाच, आणि दिवसाढवळ्या दिसणारा.

ताईंनी ते दोनदा वाचलं. चांगलं आहे का, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं, "त्या बाई पुढे गाडी शिकल्या का?"

उत्तर थोड्या वेळाने आलं. "नाही. नवऱ्याची बदली झाली. गाव सोडून गेल्या."

ताईंनी फोनच्या पडद्यावरून अंगठा फिरवला. या आठवड्याचं दुसरं लेखन अजून वाचायचं राहिलं होतं, आणि ते चांगलंच लांब होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.