दोन बोटांची फट

सकाळी सात वाजता कारागिराने पश्चिमेच्या भिंतीवरून ओला फडका फिरवला, बादली बाजूला सारली आणि सवयीने बोटाच्या पेराने फळीवर टकटक केली. नऊ वाजता गिऱ्हाईक येणार होते. फायबर सिमेंटच्या कोणत्या फळ्या अधिक टिकतात, हे तो तोंडाने सांगत नसे. घराच्या दोन भिंती दाखवी. दक्षिणेची थोरल्या भावाने लावलेली, स्वस्त फळ्यांची. पश्चिमेची त्याने स्वतः, महागाच्या फळ्यांची. अकरा वर्षांचे ऊन-पाऊस दोघींनी सारखेच सोसले होते.

भाऊ जोत्यापासून दोन बोटे फट ठेवी. "आखूड पायजमा घातल्यासारखं दिसतं, दादा," असे म्हणून हा त्याला चिडवी. याच्या फळ्या जोत्याला अलगद टेकत. गिऱ्हाइकांना तेच आवडे.

आज आवाज भद्द आला.

त्याने दक्षिणेकडे जाऊन वाजवून पाहिले. तिथे खणखणीत. परत येऊन त्याने खालच्या फळीच्या स्क्रूला पेचकस लावला. स्क्रू न फिरताच हातात आला. फळी बाजूला घेतली, तर तिच्यावर ओरखडाही नव्हता. फळ्या पेलणारी मागची उभी लाकडी पट्टी मात्र भिजलेल्या पावासारखी बोटांत चुरली. जोत्यावर साचलेली ओल पट्टीतून त्याच्या खांद्यापर्यंत चढली होती. वरच्या फळ्या केवळ एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या.

अकरा वर्षांपूर्वी, ही भिंत लावली त्याच उन्हाळ्यात, त्याने बालवाडीची भिंत केली होती. ह्याच फळ्या, अशाच टेकवलेल्या. त्या भिंतीखाली बाकावर बसून मुले बूट काढतात.

तो घरात गेला. बायको नातीची वेणी घालत होती.

"हिला आज पाठवू नकोस."

"का? ताप नाही, काही नाही. आजोबांनाच सुट्टी हवी असेल."

नात हसली. तो हसला नाही. तळहातावरचा लाकडाचा भुगा त्याने बायकोपुढे धरला.

"बालवाडीच्या भिंतीतही हेच असणार."

तिच्या हातातली वेणी अर्ध्यावर थांबली. मग तिने ती शेवटपर्यंत घातली, रिबीन बांधली आणि नातीला पाणी आणायला आत पाठवले.

"ही राहील घरी. बाकीची कुठे राहतील?"

"अगं, एकदा हे कळलं, की गावभर माझ्याच भिंती ठोकून बघतील."

"बघू देत."

तो उंबऱ्याशी उभा राहिला. घड्याळात साडेसात वाजले होते. बालवाडी साडेआठला भरे. त्याने बालवाडीच्या बाईंना फोन केला. आज एकाही मुलाला येऊ देऊ नका, असे सांगून त्याने कारणही सांगितले.

"आणि नऊला येणाऱ्यांना काय सांगू?" बायकोने विचारले.

"भिंत उघडीच ठेव. आधी दादाची दाखव, मग माझी."

बालवाडीचे अंगण रिकामे होते. भिंतीखालच्या बाकावर आदल्या दिवशी राहिलेला एक चिमुकला बूट होता. त्याने तो उचलून खिडकीत ठेवला, बाक ओढत पार फाटकापाशी नेला आणि भिंतीपुढे दोरी बांधली. मग शिडी लावली. फळ्या लावताना खालून लावतात, काढताना वरून. सर्वांत वरच्या फळीच्या सांध्यात त्याने पटाशी घातली आणि दुसरा हात फळीखाली धरला.