तीन हौदांचं पाणी

सकाळी सहाला हेनोवेवानं तिन्ही हौदांचं पाणी सोडलं आणि व्हॉल्व्हची लोखंडी चावी एप्रनच्या खिशात टाकली.

सोनोराच्या त्या वाळवंटी माळावर यंदा पाऊस झालाच नव्हता. विहीर गावाची आणि चावी गावसभा ठरवेल त्याच्याकडे. नवरा गेल्यापासून ती हेनोवेवाकडे होती. आदल्या संध्याकाळी सभेचा अध्यक्ष, म्हणजे तिचा धाकटा दीर रानुल्फो, यानं निरोप धाडला होता: डोंगराकडचे दोन हौद बंद ठेवा. उत्तरेच्या सीमेपलीकडून शिकारी पाहुणे यायचे होते. पाणी एकाच हौदात राहिलं की तुरेवाले लावे तिथंच गोळा होणार, पाहुण्यांना पायपीट नको.

उन्हं वर आली तसा रानुल्फो पिकअप घेऊन आला.

"वहिनी, निरोप पोचला नाही का?"

"पोचला की."

"मग?"

"मग काय? पाणी सोडलं."

हौदाकाठच्या काटेरी मेस्कितेच्या झाडावर लाव्यांच्या थव्यातला पहाऱ्याचा नर बसला होता, कपाळावरचा काळा तुरा पुढे झुकवून. त्याला धोका दिसला नाही, तसा थवा झुडपातून रांगेनं धावत आला. बुडू नयेत म्हणून हौदात फांदी टाकलेली असते. तिच्यावरून उतरून लावे पाण्याला टेकले.

"लाव्यांचा एवढा कळवळा कधीपासून?" रानुल्फो म्हणाला. "गेल्या थंडीत तिखट लावून तळलेत ते तुम्हीच."

"तळले. बोटं चाटून खाल्लेत तुम्ही. ते उडताना पाडलेले होते, भावजी. पाण्यावर वाकलेल्यावर बंदूक धरायची नाही, हे मामंजींनीच गावाला शिकवलं. गुरं चोरणाऱ्यालासुद्धा ते आधी पाणी पिऊ देत."

"आणि मग झोडपत."

"झोडपत. पाण्यापासून लांब नेऊन."

रानुल्फोला हसू येत होतं, ते त्यानं गिळलं. "पाहुण्यांच्या पैशातून नवा पंप येणार आहे. जुना कसा कण्हतोय, ऐकू येतं ना?"

"रोज मीच ऐकते."

"मग चावी द्या."

"सभेनं दिली, सभेलाच देईन."

"मी सभेचा अध्यक्ष आहे."

"आहात. सभा अजून घरी झोपलीय."

त्यानं गाडीतून मोठा पाना काढला. हेनोवेवानं पंपाजवळची खुर्ची ओढली, व्हॉल्व्हच्या झाकणावर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"हलवा."

थोरल्या भावाच्या विधवेला हाताला धरून उठवायचं, तेही विहिरीवर घागरी घेऊन आलेल्या बायकांसमोर. रानुल्फोनं पाना गाडीत टाकला आणि स्वतःही आत जाऊन बसला.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा लावे तिन्ही पाण्यांवर पांगलेले होते. कुठल्या हौदावर बसायचं, असं त्यांनी विचारलं. रानुल्फोनं थांबायला सांगितलं.

दुपारी शाळेच्या भिंतीवर नोटीस लागली: रविवारी सभा, विषय एकच, हेनोवेवाकडची चावी काढून घेणे. ती तिनं उभ्यानं वाचली आणि येणार म्हणून कळवलं.

संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या अजून माळाच्या फाटकापाशीच होत्या, बंदुकीचा एकही बार झाला नव्हता. तिन्ही हौदांत पाणी पडत होतं. चावी हेनोवेवाकडे होती.