वाट मनकर्णाच्या चिठ्ठीची

“ती मनकर्णा हाय ना, श्रीगोंद्याकडची? कालेज सोडलं म्हनं तिनं. लगीनबी लावून देत्यात, आन् पोरगा म्हनं...”

पुढचं कळलंच नाही. तेवढ्यात प्राचार्यांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि छगन शिपाई बोलता बोलता आत पळाला. झुंबरबाईंचा झाडू तसाच थांबला आणि कपाटावर बसल्या बसल्या माझा जीव टांगणीला लागला.

मी फिशपाँडची पेटी बोलतेय. नगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात धूळ खात पडलेली. लोकांच्या बोलण्याला कान लावायची मला पहिल्यापासून खोड. काय करणार, पोट रिकामं असलं की दुसऱ्यांच्या गोष्टींनीच भरायचं!

माझा जन्म चहाच्या खोक्याच्या फळ्यांतून झाला. सुतारानं वर एक चीर पाडली, लाल रंग दिला, आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाआधी मला व्हरांड्यात ठेवू लागले. फिशपाँड म्हणजे लिहिणाऱ्यानं आपलं नाव न घालता कुणाची तरी फिरकी घेणारी चिठ्ठी. संमेलनात ती स्टेजवरून वाचायची आणि ज्याच्यावर असेल त्यानं हसत उभं राहायचं, अशी रीत.

मुलं इकडंतिकडं बघत चिठ्ठी टाकून पसार होत. मुली घोळक्यानं येत. एकजण टाकायची, बाकीच्या आडोसा धरायच्या. मनकर्णा मात्र एकटी यायची. तिच्या गावातून कॉलेजला आलेली ती पहिलीच मुलगी. चिठ्ठी आत सोडून माझ्यावर एक थाप मारायची आणि म्हणायची, “नीट सांभाळ गं बाई!” माझ्याशी बोलणारी तीच एक.

पहिल्या वर्षी तिनं लिहिलं होतं, “प्राचार्यांस : मुलींच्या खोलीला दार आहे, दाराला कडी कधी?” हॉल असा हसला की प्राचार्यांना उभं राहावंच लागलं. आठवडा संपायच्या आत कडी बसली. जे मुलींना वर्षभर तोंडानं सांगता आलं नव्हतं, ते माझ्या पोटातून गेलं. केवढी ऐट आली होती मला!

मग दुष्काळाचं वर्ष आलं. मनकर्णाला वक्तृत्वाचं बक्षीस होतं, म्हणून तिचे वडील पुंजाराम खडी फोडायच्या कामावर खाडा करून आले. धुवट पटका बांधून पहिल्या रांगेत बसले.

चिठ्ठ्या वाचत होता संमेलनाचा सेक्रेटरी राधाकृष्ण. “आधी चाळून घेतल्या तर मजा काय राहिली?” हा त्याचा बाणा. त्यानं एक उघडली आणि माईकवर वाचून मोकळा झाला, “मनकर्णा हिस : पातळ एकच, पण रोज वेगळ्या पोराच्या सायकलवर वाळतं.”

हॉल खदखदला. लेकीचं नाव ऐकून पुंजारामांना वाटलं, बक्षीसच पुकारलं. ते उठले, लोकांकडं वळून हात जोडले आणि तेही सगळ्यांबरोबर हसले. शेजारच्यानं बाही ओढून कानात सांगितलं, तेव्हा त्यांचे जोडलेले हात सुटेनात.

मनकर्णा उभी राहिली नाही. बक्षीस घ्यायलाही गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दिसेनाशी झाली आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

ऑफिसात मग काय वाद झाले!

“कडीची चिठ्ठी आणि ही, तुला एकाच मापाची वाटते का रे?” मराठीच्या मॅडमनी राधाकृष्णाला विचारलं.

“नाही मॅडम. मी वाचायला नको होती. पण कुठली चालेल हे ठरवणार कोण? सर बसले ठरवायला, तर पहिली कडीचीच फाडतील!”

प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, “म्हणूनच सगळ्याच बंद. नियम सर्वांना सारखा.”

लिहिणारा कोण, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. त्याला मात्र जाब विचारायला कुणी बोलावलं नाही.

छगनचं ते अर्धवट बोलणं कानावर पडलं आणि थोड्याच दिवसांत दारात ओळखीच्या वहाणा वाजल्या. मनकर्णा! मागं पुंजाराम. दाखला न्यायला आले होते.

झुंबरबाईंना कुठला धीर! “लगीन कवाचं गं पोरी?”

“कुनाचं, माजं?” ती हसली. “आबा, मला न सांगताच ठरवलं व्हय?”

“म्या न्हाई बा,” पुंजाराम घाईनं म्हणाले. “परीक्षा बाहेरून देनार हाय ती. दाखल्यासंगं मॅडमकडं पुस्तकंबी मागाया आलोय.”

माझ्या फळ्या हलक्या झाल्या. तेवढ्यात प्राचार्य बाहेर आले.

“कॉलेजातच राहा मुली. ती पेटीच बंद केलीय आता.”

“पेटी बंद करा असं मी कुठं म्हणाले, सर?” सरांपुढं ती पुस्तकातलं बोलायची. “ज्यानं लिहिलं, त्यानं त्याच माईकवर माझ्या वडिलांची माफी मागावी. आबा पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसतील. होईल एवढं?”

सर शिक्का शोधू लागले.

ती गेली. जाताना तिनं वर बघितलं का, मला कळलं नाही. माझं तोंड छताकडं.

तर कॉलेजवाल्यांनो, माझं एवढंच मागणं. मला जाळू नका, आणि आहे तशी व्हरांड्यातही ठेवू नका. आधी त्या पोराला स्टेजवर उभं करा. पोरीबाळींची अब्रू काढणारी चिठ्ठी वाचायची नाही, हे मॅडम आणि मुलामुलींनी मिळून ठरवा. सरांवरची मात्र सरांसमोरच वाचा. मग मला पुसा आणि मनकर्णाला निरोप धाडा. तिच्या त्या थापेसाठी माझी पाठ आसुसलीय.

छगनचं लग्नाचं बोलणं खोटं निघालं. कॉलेज सोडल्याचं खरं निघालं. तेही खोटं ठरवणं आता तुमच्या हातात आहे.