न फुटणारी देवळी

मी एक जुना गेम आहे. मला चालवणारा एकच लॅपटॉप आता उरलाय, कळव्याला परशुराम कोळी यांच्या घरात, खिडकीशी. पण मित्रांनो, उमेदीच्या दिवसांत मी भलताच दांडगा होतो.

माझा नायक खेकडा. त्याने नांगी मारली की समोरचं काहीही फुटायचं, मग ती भिंत असो, पूल असो की पाण्याची टाकी. वाट नसली तर फोडून करायची, एवढाच माझा नियम. परशुरामांच्या लेकीने, वर्षालीने मला घडवलं. डोंबिवलीचा सुदेश तिच्या जोडीला होता. वर्षालीने आपल्या खाडीचा धक्का माझ्यात हुबेहूब उतरवला. होड्या, जाळी आणि टोकाला देवीची एवढीशी देवळी, गुडघाभर उंचीचं देऊळ. होडी पाण्यात ढकलण्याआधी सगळे तिथे हात जोडतात. मग ती फोडायला तिचा हात कसा धजावणार? तिने गुपचूप तेवढी देवळी न फुटणारी केली. तिथेच माझी पंचाईत झाली.

ठाण्यातल्या एका कंपनीत मला दाखवायचा दिवस उजाडला. वेळ चारची. आज नाकारलं तर मला कायमचं बंद करून दोघांनी नोकरी धरायची, असं ठरलेलं. अकरा वाजता सुदेश शेवटचं म्हणून खेळायला बसला. त्याने धक्का फोडला, खेकडा खड्ड्यात पडला आणि वरून देवळी घसरत येऊन खड्ड्याच्या तोंडावर बसली. सुदेश नांगी मारत राहिला. देवळीला ओरखडासुद्धा आला नाही.

"वर्षाली, हे काय करून ठेवलंस? फुटू दे ना यार. दोन मिनिटांचं काम."

तिने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि काढून घेतली. "नाही होत रे माझ्याने."

"मग चार वाजता काय दाखवणार? खड्डा?"

जाळं विणत बसलेले परशुराम उठून आले. पडद्याकडे वाकून बघू लागले. मला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर तेव्हा फुटला असता.

"फोराचा कशाला गो बाय? धक्का बांधला तवा आपुन देवी हलवलेली ना? नारल ठेवला, इचारला, मंग उचलली."

नारळ माझ्यात ढिगाने होते. फोडला की दहा गुण. वर्षाली झपाट्याने कामाला लागली. तीन वाजले तरी तिची बोटं थांबेनात. शेवटची दुरुस्ती तिने रिक्षात, मांडीवर लॅपटॉप धरून केली. तपासून बघायला वेळच नव्हता.

कंपनीच्या चित्राबाई खेळायला बसल्या. कोणी काही सुचवायचं नाही, अशी अट होती. बाईंनी पूल पाडला, टाकी फोडली आणि धक्क्याखाली अडकल्या. एक नांगी. दोन. सात. सुदेश नखं खात होता, वर्षालीने डोळे मिटून घेतले होते. खड्ड्यात एक नारळ पडला होता. बाईंनी तो उचलला, सवयीने नांगी उगारली आणि थांबल्या. देवळीच्या उंबऱ्यावर कुंकवाचं बोट दिसत होतं. त्यांनी नारळ अख्खाच तिथे ठेवला.

काहीच झालं नाही. मग देवळी अलगद उचलली गेली आणि बाजूला जाऊन बसली.

बाई खुर्ची पुढे ओढून पुन्हा पहिल्यापासून खेळायला लागल्या.

कंपनीने मला घेतलं. पाच वर्षं मी पोरांच्या फोनवर मिरवलो. मग नवे फोन आले, त्यांच्यावर मी चालेना आणि सगळे मला विसरले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी धक्का रुंद करायला यंत्रं आली. एका सकाळी खरी देवळी जागेवर नव्हती. कोणी नारळ ठेवला नव्हता, कोणी विचारलं नव्हतं. कुठे नेली तेही कळलं नाही. त्या संध्याकाळी परशुरामांनी मला उघडलं. एका बोटाने बटणं दाबत त्यांनी खेकड्याला टोकापर्यंत नेलं. वाटेत काही फोडलं नाही. आता ते रोज येतात.

मित्रांनो, माझ्यात हवं ते फोडा, मी त्यासाठीच आहे. बाहेरचं काही हलवायचं असेल तर मात्र आधी विचारा. आणि जुना झालो म्हणून मला पुसून टाकू नका. परशुराम देवळीसमोर येऊन नुसते उभे राहतात. नारळ ठेवत नाहीत. ठेवला तर देवी हलेल ना.