साठाव्या दिवशीची उडी

अय्याजला नसलेले आवाज ऐकू यायला लागले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आदल्या दिवशीच आई अमिनाबी त्याला घालूनपाडून बोलली होती. आपल्या जिभेनंच पोराचं डोकं फिरलं, हा काटा सात वर्षं तिच्या काळजात रुतून होता.

त्याची धाकटी बहीण उमेरा यवतमाळला औषधशास्त्र शिकायला गेली ती भावाच्या आजाराचं मूळ शोधत उंदरांच्याच मागे लागली. जेमतेम आठवड्याच्या बारा पिल्लांपैकी निम्म्यांना तिनं प्रयोगशाळेतल्या वामनरावांकडून मेंदूतलं रसायन बिघडवणारं औषध टोचवलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्यात कोण, ती यादी त्यांच्याकडेच, पाकिटात बंद. दारव्ह्याला गॅरेज चालवणाऱ्या अब्बांनी स्कूटरच्या स्प्रिंगा लावून उडी मोजायची पेटी करून दिली. मोठ्या आवाजाआधी हलकीशी टिकटिक केली की निरोगी उंदीर सावध होतो, कमी दचकतो. बिघडलेल्या मेंदूला तो इशारा उमगत नाही.

पस्तिसाव्या दिवशी सगळे उंदीर सारखेच निघाले. उमेरा हिरमुसली. साठाव्या दिवशी, ते वयात आल्यावर, तिनं पुन्हा एकेकाला पेटीत ठेवलं.

"वामनराव, हा पाहा! टिकटिक ऐकून बी तेवढाच उडाला!"

बारांतले सहा तसे निघाले. तिनं पाकीट फोडलं. सहाच्या सहा औषध टोचलेले! ती आनंदानं ओरडलीच.

"नाचू नको," तिच्या मार्गदर्शक विमलताई म्हणाल्या. "उंदीर म्हणजे माणूस नव्हे. दुसरी वीण तपास."

दोन महिन्यांनी दुसऱ्या विणीतले, औषध टोचलेल्या सहांपैकी पाच तसेच उडाले. आता विमलताईच टाळ्या पिटत होत्या.

दारव्ह्याला घरी जाताना कापसाच्या गाड्यांच्या रांगेत जीप अडकली, तेव्हा उमेरा उतरून शेवटचा कोसभर पायी धावत सुटली. घरात शिरताच तिनं सगळं एका दमात सांगितलं.

अमिनाबीचा हात परातीतच थांबला. "म्हंजे माह्या बोलण्यानं नाही झालं?"

"उंदरांले कोण बोललं होतं, अम्मी? बिघाड लहानपणीच बसते, वयात आल्यावर वर येते. भाईचं तसंच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत. पण तुह्या बोलण्यानं नाही, येवढं डॉक्टरबी सांगून राह्यले होते ना?"

अमिनाबी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली आणि रडता रडता हसलीही.

अय्याज दारात उभा राहून ऐकत होता. "त्या उंदरांले आता दवा देऊन पाहशीन का?"

"तेच तर पुढचं काम हाये, भाई!"

"मंग इथं कायले बसली?" तो म्हणाला आणि तिची चप्पल तिच्यासमोर आणून ठेवली.